उचल घेतली की गाव सुटतं

आश्विन पौर्णिमेची तुळजापूरची यात्रा उरकते आणि धाराशिव जिल्ह्यातल्या कित्येक वाड्या-वस्त्यांवर ट्रॅक्टरांची ये-जा वाढते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या भूम, वाशी, कळंब तालुक्यांत, सीनेकाठच्या परंड्यात आणि तुळजापूरकडच्या तांड्यांवर ट्रॉल्या भरायला लागतात. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, बांबू, ताडपत्री, पाण्याचे हंडे, एखादी शेळी, कोंबड्यांचं खुराडं, आणि या सगळ्यावर बसलेली पोरंबाळं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडचं बेळगाव, बागलकोट या दिशांना ही वऱ्हाडं निघतात. परत यायचं ते चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला, येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते तेव्हा, तेही कारखान्याचा पट्टा वेळेवर पडला, म्हणजे गाळप वेळेवर संपलं तर.

महाराष्ट्रात ऊस तोडायला घर सोडणाऱ्यांची संख्या दहा-बारा लाख मानली जाते. त्यांचा जिल्हा म्हणून नाव निघतं ते बीडचं. शेजारच्या धाराशिवकडे तेवढं लक्ष जात नाही. पण २०१८मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागास, म्हणून विशेष लक्ष द्यायच्या, ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली, वाशीमबरोबर त्या वेळचं उस्मानाबादही होतं. २०११च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातून माणसं दर वर्षी का जातात आणि जाऊन काय भोगतात, हे समजून घ्यायचं तर दिवाळीच्या आधीचे महिने पाहावे लागतात. कारण स्थलांतर ठरतं ते पावसाळ्यात.

ऊस तिकडे, हात इकडे

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ला सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या या प्रयोगानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. कालव्यांखालचा ऊस दुप्पट-चौपट झाला, पण तो तोडायला तेवढे हात त्या भागात मिळेनात. हात होते ते पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. धाराशिव १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ला मुंबई राज्यात आला. सिंचनाची कामं इकडे उशिरा सुरू झाली आणि रेंगाळत राहिली. कृष्णा खोऱ्याचं २३.६६ टीएमसी पाणी बीड-धाराशिवला देण्याची कृष्णा-मराठवाडा योजना दोन दशकांहून अधिक काळ चर्चेत आहे. त्यातलं पहिल्या टप्प्यात हिशेबात धरलेलं पाणी फक्त सात टीएमसी.

त्यातच १९७२चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, लोक खडी फोडायला गेले. त्या अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७चा, आणि पुढे २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला तिचाच नमुना मिळाला. मग हाताला काम देणारी योजना याच मातीत रुजलेली असताना माणसं बाहेर का जातात?

उत्तर पैशाच्या वेळेत आहे. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर मिळते, हप्त्याने मिळते आणि कधी कधी महिनोन्‌महिने अडकते. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कामाच्या आधी मिळते, एकरकमी मिळते आणि जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे घरात दाणा आणि दमडी दोन्ही नसताना मिळते. कुणाला बियाणं-खत घ्यायचं असतं, कुणाला पोरीचं लग्न, कुणाला आईच्या ऑपरेशनचं बिल. दोन एकर कोरडवाहू असलेल्याला बँक पीककर्ज देताना दहा कागद मागते. भूमिहीनाला तर दारातही उभं करत नाही. मुकादम कागद मागत नाही. त्याला ‘कोयता’ हवा असतो.

एक कोयता म्हणजे दोन माणसं

ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते, म्हणून एकट्याला ती कमी. जोडीमागे ती पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत जाते. पैसा वरून खाली असा येतो: कारखाना ऊस वाहतूकदाराला आगाऊ रक्कम देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम जोड्यांना. मुकादम दहा-पंधरा किंवा वीस कोयत्यांची टोळी बांधतो आणि त्या टोळीच्या मजुरीवर त्याला कमिशन मिळतं.

साखर संघ आणि मजूर संघटनांमध्ये जानेवारी २०२४मध्ये जो करार झाला, त्यात ‘डोकी सेंटर’च्या तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. वाढ ३४ टक्क्यांची, मुदत तीन हंगामांची. मुकादमाचं कमिशन एक टक्क्याने वाढून २० टक्के झालं. डोकी सेंटर म्हणजे ऊस तोडून, मोळी बांधून, ती डोक्यावर वाहून ट्रक-ट्रॉलीत भरायची पद्धत. ज्याच्याकडे बैल असतील तो गाडी सेंटरला जातो आणि कारखान्यापर्यंत ऊस स्वतः ओढतो. अलीकडे छोट्या ट्रॅक्टरला दोन गाड्या जोडलेलं ‘जुगाड’ही आलं आहे.

आता हिशेब मांडून पाहावा. चांगली जोडी दिवसाला दोन ते तीन टन ऊस तोडते. अडीच टन धरले तर दोघांचे मिळून दिवसाला ९१५ रुपये होतात. हंगाम १२० दिवसांचा आणि एकही दिवस न चुकता काम झालं तर एक लाख दहा हजारांच्या आसपास. एक लाखाची उचल घेतलेल्या जोडीची ती सगळ्या हंगामात जेमतेम फिटते. मधल्या काळात आठवड्याचा बाजार, दवाखाना, मोबाईल यासाठी घेतलेला खर्च वरून चढतो. ताप आला, पोर आजारी पडलं, पाळी आली म्हणून एक दिवस बसलं तर त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचा दंड पाचशे-हजार रुपयांपर्यंत कापला जातो. हंगाम संपतो तेव्हा हातात पैसा नसतो. अंगावर बाकी असते, आणि बाकी फेडायला पुढच्या वर्षी तोच मुकादम.

उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकले जातात. रोख पैसा म्हणून हातात पडतो तो बहुधा एवढाच. रोजचं मीठ-मिरची त्यावर चालतं.

पहाटे चारचा फड

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखरेचा उतारा बुडख्यात जास्त असतो आणि खोडवाही नीट फुटतो. म्हणून तोडणारा दिवसभर कमरेत वाकलेला. पुरुष तोडत पुढे जातो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, आणि पंचवीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, त्यामुळे तो लवकरात लवकर गाळायचा असतो. म्हणून गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला.

मुक्काम फडाजवळच्या मोकळ्या रानात किंवा कारखान्याच्या तळावर. बांबू वाकवून त्यावर चटई, पाचट, ताडपत्री टाकून केलेली कोपी. आत वाकूनच शिरायचं. वीज बहुतेक ठिकाणी नाही, संडास नाही, पाणी कॅनॉलचं किंवा शेतमालकाच्या मेहेरबानीचं. बाई पहाटे चारला उठून भाकरी थापते, फडात जाते, संध्याकाळी परतून पुन्हा चूल पेटवते. तिच्या मजुरीचा आकडा वेगळा कुठेच लिहिलेला नसतो. हिशेबाच्या वहीत कोयत्यापुढे नाव नवऱ्याचं.

या कष्टांचा शरीरावरचा परिणाम राज्याला २०१९मध्ये आकड्यांत दिसला. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं एकात एक अडकलेली. पाळीच्या दिवसांत बसण्याची सोय नाही, स्वच्छतेला आडोसा नाही, जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो, आणि गावी असतानाच्या महिन्यांत खाजगी दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगितलं जातं. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. ही पाहणी बीडची, पण धाराशिवच्या बायका त्याच फडांत, तशाच कोप्यांत राहतात.

मुलांचं गणित तितकंच अवघड. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पहिली सहामाही संपायच्या सुमाराला मूल ट्रॉलीत बसतं. नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा २०१०मध्ये लागू झाल्यावर वेगळ्या शाळांपेक्षा जवळच्या नियमित शाळेत प्रवेश देण्यावर भर आला. कागदावर ते योग्यच होतं. पण फड पंधरा दिवसांनी हलतो, शाळा हलत नाही. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय सरकार करतं. जिथे हे नीट चालतं तिथे मुलं टिकतात. मुलींबाबत प्रश्न आणखी एका वळणावर जातो. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायला आई-बाप घाबरतात, फडावर न्यायलाही घाबरतात. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडीला स्वतंत्र उचल मिळते. बालविवाहाच्या मुळाशी केवळ रूढी नाही, हा व्यवहारही आहे.

अमेरिकेतले मुकादम

आगाऊ पैसे देऊन मजूर बांधायची ही रीत फक्त आपल्याकडची नाही. १८४५नंतर बटाट्याच्या रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि त्याहून जास्त माणसांनी देश सोडला. त्यातली बरीचशी अमेरिकेत गेली. पुढे दक्षिण इटलीतले गरीब शेतकरी निघाले. न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस बेटावरचं तपासणी केंद्र १८९२ला सुरू होऊन १९५४ला बंद होईपर्यंत तिथून सुमारे सव्वा कोटी माणसं अमेरिकेत शिरली. इटालियन मजुरांना रेल्वेच्या आणि खोदाईच्या कामांवर नेणारा दलाल ‘पाद्रोने’ म्हणून ओळखला जाई. तो जहाजाचं भाडं आगाऊ द्यायचा, काम लावून द्यायचा, मजुरीतून वाटा कापायचा आणि तळावरच्या आपल्याच दुकानातून चढ्या भावाने शिधा विकायचा. धाराशिवच्या कुठल्याही मुकादमाला ही पद्धत समजावून सांगायची गरज पडणार नाही. परदेशातून आगाऊ करारावर मजूर आणायला अमेरिकेने १८८५मध्ये कायद्याने बंदी घातली, तरी पाद्रोने बरीच वर्षं टिकून राहिले.

दुसऱ्या महायुद्धात शेतीला माणसं कमी पडली तेव्हा अमेरिकेने १९४२पासून १९६४पर्यंत मेक्सिकोतून हंगामी मजूर करारावर आणले. ते बीट, कापूस, भाजीपाल्याच्या शेतात राबले. कॅलिफोर्नियात अशा मजुरांना आखूड दांड्याचं खुरपं दिलं जाई. दिवसभर वाकून त्यांच्या पाठी कायमच्या जायच्या. ते खुरपं १९७५मध्ये बंद झालं, तेही मजुरांनी न्यायालयात दाद मागितल्यावर.

फरक मात्र मोठा आहे. आयरिश किंवा इटालियन माणूस न्यूयॉर्कला राहिला तर दहा-पंधरा वर्षांत तिथला मतदार होत असे, त्याची वस्ती, चर्च, संघटना तयार होत असे, पुढाऱ्याला त्याची गरज वाटत असे. ऊसतोड मजूर दर वर्षी परत येतो. कोल्हापूरच्या गावाला तो आपला वाटत नाही, आणि आपल्या गावातल्या सरकारी यंत्रणेला तो वर्षातून सहा महिने दिसतच नाही. २०२४मध्ये गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. मताचा दिवस आणि मजुरीचा हंगाम असे समोरासमोर आले.

दारात कारखाने, तरी बाहेरची वाट

धाराशिव जिल्ह्यात ऊस नाही असंही नाही. ढोकीचा तेरणा कारखाना, केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कारखाना, मुरूमचा विठ्ठलसाई, रांजणीचा नॅचरल शुगर अशी नावं जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहेत. मांजरा-तेरणेच्या पाण्यावर आणि बोअरवर ऊस वाढला आहे. त्यात तेरणासारखा मोठा कारखाना कित्येक वर्षं बंद राहिल्याचे चटकेही जिल्ह्याने सोसले. तरी भूमचा माणूस कराडला जातो आणि ढोकीच्या परिसरात बाहेरच्या टोळ्या येतात.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी गुजरातच्या बारडोली भागात हेच चित्र नोंदवलं होतं. तिथल्या उसाला खानदेशातले मजूर आणले जात आणि स्थानिक हळपती भूमिहीन काम शोधत बाहेर पडत. परक्या गावी आलेला मजूर रात्री-अपरात्री हाक मारली तर उठतो, सण-वार-मयतीला घरी जायचं म्हणत नाही, भांडायला त्याच्या पाठीशी भावकी नसते. कारखान्याला आणि मुकादमाला तो सोयीचा असतो. म्हणून केवळ जिल्ह्यात कारखाने वाढले की स्थलांतर थांबेल, ही आशा फोल ठरली.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत ही परकेपणाची किंमत साऱ्या राज्याला दिसली. कारखाने बंद होत होते आणि मजूर तळावर अडकले होते. एप्रिलमध्ये राज्य सरकारने ३८ कारखान्यांच्या परिसरातल्या सुमारे एक लाख ३१ हजार मजुरांना गावी परतायची परवानगी दिली. २०२१-२२चा हंगाम उलट्या टोकाचा. ऊस इतका झाला की राज्यात १३०० लाख टनांहून अधिक गाळप होऊन १३७ लाख टन साखर निघाली, आणि मराठवाड्यात उभा ऊस संपता संपेना. टोळ्या वैशाखाच्या उन्हात तोडत राहिल्या, काही ठिकाणी जूनपर्यंत.

कायदे, महामंडळ आणि यंत्र

कायदा नाही असं म्हणता येत नाही. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी माणूस बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं आहे. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला होता. पण कारखाना सांगतो मजूर वाहतूकदाराचे, वाहतूकदार सांगतो मुकादमाचे. मालक कोण हेच ठरत नसल्याने भविष्यनिर्वाह निधी, विमा, बाळंतपणाची रजा यांचा प्रश्नच निघत नाही.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता कामाला लागलं आहे. त्यासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रं, तसंच संत भगवानबाबा योजनेतून ४१ तालुक्यांत मुला-मुलींची ८२ वसतिगृहं, असा त्याचा पसारा आहे. मार्च २०२४मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांवरचं कर्ज, बालविवाह आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर प्रदीर्घ वार्तांकन केलं. ही साखर बड्या शीतपेय कंपन्यांपर्यंत जाते हे त्यात दाखवल्याने प्रश्न परदेशी खरेदीदारांच्या दारातही पोहोचला.

जिल्ह्यात उचलीला पर्याय शोधणारे प्रयत्नही आहेत. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने धाराशिव-लातूरच्या बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या हाती घेऊन धान्य, कडधान्य, भाजीपाला पिकवायला शिकवलं. या कामाला २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी कुक्कुटपालन, शेळीपालनातून स्वतःचा व्यवसाय बांधला, इतर बायकांना त्यात आणलं आणि २०२१ सालच्या नारी शक्ती पुरस्काराच्या त्या मानकरी ठरल्या. भूम परिसरातल्या खव्याच्या भट्ट्या आणि उस्मानाबादी शेळी यांचंही महत्त्व इथेच. त्यांचा पैसा थोडा असतो, पण पावसाळ्यातही येतो. जून-ऑगस्टमध्ये घरात रोकड असलेल्या बाईला मुकादमाच्या दारी जायचं की नाही, याचा विचार करायला सवड मिळते.

तोवर फडात दुसरा बदल शिरला आहे. राज्याने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपयांचं अनुदान जाहीर केलं. हार्वेस्टरला रुंद सऱ्या, मोठे सपाट प्लॉट आणि उभा ऊस लागतो. अशी शेतं यंत्राकडे जातात. लोळलेला ऊस, अरुंद सरी, चढ-उताराचं रान आणि चिखल कोयत्याकडे उरतो. तिथे जोडीला अडीच टनांसाठी अंधार पडेपर्यंत राबावं लागतं आणि दर मात्र टनामागे तोच. तीन वर्षांचा करार २०२५-२६च्या हंगामापर्यंतचा. पुढच्या बोलणीत संघटनांना केवळ टक्केवारी वाढवून भागणार नाही. अवघड फडाचा दर वेगळा मागावा लागेल, आणि हिशेबाच्या पावतीवर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लिहून घ्यावं लागेल.